आप्पांचा लांबून दिसणारा हेडफोन

माझ्या पहिल्या हेडफोनची उजव्या कानाची गादी मी तीनदा बदलली. डावी अजून दुकानातून आणल्यासारखी कोरी आहे. कारण डावा कान मी कधी झाकलाच नाही. डावा कप कानामागं सरकवायचा, उजवा तेवढा कानाला लावायचा, मान जराशी वाकडी, डोळे अर्धे मिटलेले आणि बोटं मिक्सरवर. असं उभं राहिलं की आपण कुणीतरी मोठे साउंड इंजिनीअर आहोत असं आपलं आपल्यालाच वाटतं. ही ढब मी साउंडवाल्या आप्पांची उचलली. नुसती उचलली असती तर एक वेळ ठीक होतं, पण मी तिच्यावर सिद्धांतही मांडला. "उजव्या कानानं मशीन ऐकायचं, डाव्यानं मंडप," असं मी भेटेल त्याला शिकवत सुटलो. शिक्रापूरच्या दोघांनी ते माझ्याकडून घेतलं, त्यांच्याकडून रांजणगावच्या एकानं. आज शिरूर तालुक्यात कुठं वाकड्या मानेचा साउंडवाला दिसला, तर ते पाप माझं समजा.

आणि ज्या डाव्या कानावर मी ही इमारत उभी केली, तो आप्पांचा डावा कान पार बंद होता. त्यांनी तो झाकला नाही, कारण झाकून उपयोग नव्हता आणि उघडा ठेवूनही नव्हता.

आप्पांचं साउंडचं गोडाऊन तळेगाव ढमढेऱ्याला, आठवडेबाजाराच्या मागं. मी तेव्हा शिक्रापुरात खोली घेऊन राहायचो, एका कंपनीत क्वालिटीला होतो. दिवसभर नटबोल्टला गेज लावून हा पास, हा नापास करायचो. असं काम चार वर्षं केलं की माणसाला वाटायला लागतं, जगातलं सगळं आपल्यालाच कळतं. मला तर पहिल्याच वर्षी वाटायला लागलं होतं. सुट्टीच्या दिवशी मी आप्पांकडं जायचो आणि ते मला वायरी गुंडाळायला द्यायचे. तीन वर्षं त्यांनी मला वायरीच दिल्या, मिक्सरला हात लावायचा तो गोडाऊनमधल्या तपासणीपुरता. दिवसाला ते बोलायचे पंधरा-वीस वाक्यं, त्यांत माझं नाव कधी आलं नाही, मी कायम 'इंजिनेर'. "इंजिनेर, गाठ सोड." "इंजिनेर, च्या सांग."

माणूस अंगानं काटकुळा, डोक्याला टोपी, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि चिकटपट्टीचं वेटोळं. एका हाकेला त्यांनी कधी ओ दिली नाही. माणसं दोनदा, तीनदा हाका मारायची, मग जवळ येऊन खांद्याला हात लावायची. मला वाटायचं, काय एकाग्रता आहे! मीही मग कंपनीत साहेबांच्या पहिल्या हाकेला ओ देणं बंद केलं. साहेबांनी एकाग्रतेबद्दल मेमो दिला.

माइक तपासताना ते 'हॅलो चेक' कधी म्हणाले नाहीत. एसटीच्या कंडक्टरसारखी गावं घ्यायचे. "शिरूर, सणसवाडी, शिक्रापूर... पारगाव, पाटस... कुरकुंभ, कुरकुंभ." बघणारे हसायचे. पण त्यात हिशेब होता. 'शिरूर-सणसवाडी'त आवाज सळसळतो का ते कळायचं. 'पारगाव-पाटस'ला माइकवर वारा फुटतो का ते कळायचं. आणि 'कुरकुंभ' म्हणताना ते स्पीकरच्या बॉक्सवर तळहात ठेवायचे, आत घुमारा कितपत आहे ते बघायला. तळहात का, हे मी कधी विचारलं नाही. मीही आपला तळहात ठेवायला लागलो.

त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात होतं. "आवाज म्हंजी वाढपी, इंजिनेर. पयल्याच्या पानात ढीग आन् शेवटल्याचं पान कोरडं, ह्याला पंगत म्हणत न्हाईत." मी मान हलवायचो, आणि मनात म्हणायचो, हे झालं खेडवळ बोलणं, खरं ज्ञान मोबाइलवरच्या व्हिडिओत.

त्यांना नवा हेडफोन घ्यायचा होता तेव्हा आम्ही पुण्याला तपकीर गल्लीत, साउंडच्या सामानाच्या बाजारात गेलो. जुन्याची पट्टी मोडली होती, ती त्यांनी सायकलच्या ट्यूबनं बांधली होती. मी रात्र-रात्र वाचून तयारी केली होती. दुकानदाराला मी इतके आकडे विचारले की त्यानं आधी मला प्यायला पाणी दिलं. त्यानं एक चांगला, बेताचा, हलका हेडफोन काढला. आप्पांनी हातात घेऊन परत दिला.

"बारका हाय."

"काका, साइजवर नसतं. आवाज ऐका ना."

"मोठा काढा. काळा. आन् वायरीचा. ज्याला वायर न्हाई त्याचा भरवसा न्हाई."

दुकानदारानं माळ्यावरून एक भलामोठा काढला. दोन वाट्या म्हणजे अक्षरशः आमटीच्या वाट्या. आप्पांनी तो चढवला आणि मला म्हणाले, "जा, रस्त्याच्या पल्याड उभा ऱ्हा."

मी दुकानदाराला समजावलं, "आवाज बाहेर गळतो का बघतायत. लीकेज टेस्ट." आणि गल्ली ओलांडून, हातगाड्यांच्या मधे, मी कान टवकारून उभा राहिलो. आप्पांनी तिथून हातानं विचारलं, काय? मी ओरडलो, "काहीच येत नाही आप्पा! झिरो लीकेज!" गल्ली माझ्याकडं बघायला लागली. आप्पांनी कपाळाला हात लावला आणि तोंडानं विचारलं, "दिसतोय का?"

दिसत होता. पार कोपऱ्यावरून दिसला असता.

मग दुकानदारानं हौसेनं आवाजाचा एक नमुना लावला, त्यात मोटारसायकल एका कानातून दुसऱ्या कानात जाते. आप्पा ऐकत होते, आणि मधेच म्हणाले, "बंद पडला की तुमचा." दुकानदारानं काढून स्वतःच्या कानाला लावला. "चालू आहे काका. आता गाडी डावीकडं गेली." खिशातून पैसे काढून आप्पांनी टेबलावर ठेवले. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभा होतो. हळूच म्हणालो, "आप्पा." मग जरा मोठ्यानं, "आप्पा." त्यांनी वळून पाहिलं नाही.

येताना वाघोलीच्या पुढं ट्रकांच्या रांगेत आमचा टेम्पो अडकला, तेव्हा ते आपणहून बोलले. "डावा गेलाय. तीस वर्षं बॉक्सपाशी हुबा ऱ्हायलो, जायाचाच. घरात बी म्हाईत न्हाई. माणूस आंधळ्याकडून केस कापून घील लेका, पर बहिऱ्याकडून स्पीकर न्हाई लावायचा. माझ्यावर टपलेल्या शिक्रापूरच्या डीजेवाल्याला कळलं तर माझं गोडाऊन म्हंजी भंगारचं दुकान. घाल भंडाऱ्याची आण."

मी घातली. गळ्याला हात लावून घातली.

आता खरं सांगायचं तर मला त्यांची दया यायला हवी होती. मला आला राग. तीन वर्षं मी वाकड्या मानेनं उभा होतो! माझी मान दुखायची, रात्री बाम लावायचो, आणि ते तंत्र नव्हतंच. एका बंद कानाचं झाकण होतं. मी ठरवलं, बास. आता शास्त्रानं जायचं. दोन महिने व्हिडिओ बघून मी माझा नवा हेडफोन मागवला. दोन्ही कान घट्ट बंद करणारा. शेजारी जनरेटर फुटला तरी कळणार नाही, असं एकानं त्याच्याखाली लिहिलं होतं. मला तो गुण वाटला.

माझं गाव दौंड तालुक्यात, चौफुल्यावरून आत. गावच्या सप्त्याला आठ वर्षं आप्पांचाच साउंड. त्या वर्षी मी आप्पांच्या मागं लागलो की काल्याच्या कीर्तनाला मशिनीवर मी बसणार. आमच्याकडं काल्याच्या दिवशी महाप्रसादाच्या आधी पुढच्या वर्षीची यादी माइकवरून वाचतात. कीर्तन कुणाचं, अन्नदान कुणाचं, मंडप कुणाचा, साउंड कुणाचा. चार गावचे लोक तिथंच बसलेले असतात, त्यामुळं त्या यादीत ज्याचं नाव आलं त्याचं वर्ष ठरलं आणि ज्याचं गळलं त्याचं चार गावांतून गळलं. आप्पांना हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी म्हणाले, "बस. पर येक कान उघडा ठिव."

मी मनात हसलो. तुम्ही सांगताय होय, एक कान उघडा ठेव!

कीर्तन सुरू झालं आणि मी दोन्ही कान बंद केले. काय सांगू, हेडफोनमध्ये स्वर्ग उतरला होता. पखवाजाची थाप पोटात घुमत होती, टाळ चांदीसारखे वाजत होते, बुवांनी आवंढा गिळला तोसुद्धा ऐकू येत होता. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा मागच्या बाजूला बायका हात हलवत होत्या. मला वाटलं, गावातली माणसं, ओळख दाखवतायत. मीही हात हलवला. एकदोघींना नमस्कार केला. मग माझी आई उभी राहिली आणि दोन्ही हात हलवायला लागली. मला भरूनच आलं. बाप असता तर त्यानंही बघितलं असतं, असं वाटलं. मी छातीवर हात ठेवून आईला वाकून नमस्कार केला आणि टाळ अजून थोडे वर घेतले.

बायकांच्या बाजूचे दोन्ही बॉक्स बंद होते. भांड्यांची ट्रॉली मागनं आत घेताना वायर निघाली होती. आणि पुढं जो आवाज होता त्यात टाळच टाळ, बुवा कुठंच नाहीत. अर्धा तास सातशे-आठशे माणसं बुवांचं तोंड हलताना बघत होती.

आप्पा मागं होते. त्यांनी वायर शोधून जोडली आणि मंडपाच्या कडेनं पळत आले. साठी उलटलेला माणूस पळत आला. मला दोन हाका मारल्या असतील, मला काय कळतंय! त्यांनी माझ्या डोक्यावरून हेडफोन उपसून काढला, मला ढुंगणानं बाजूला सारलं, टाळ खाली ओढले आणि बुवांना वर घेतलं. तिसऱ्यांदा बोट फिरलं आणि सगळं जागेवर.

माझ्या गावात. माझ्या आईसमोर. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "तुम्हाला काय ऐकू येतंय ओ? डावा कान तर बंद पडलाय तुमचा!"

टेबलावर सूचनांचा माइक होता. कमिटीच्या मामांनी मघाशी जेवणाच्या पंगतींची सूचना दिली, त्यानंतर तो बंद करायचा मी विसरलो होतो. आप्पांनी नुकतीच जोडलेली वायर आणि त्यांनीच नीट लावलेला आवाज. त्या सबंध सप्त्यात शेवटच्या रांगेपर्यंत इतकं स्वच्छ काही पोचलं नसेल, जितकं माझं ते वाक्य पोचलं.

टाळ थांबले. पखवाजी थांबला. आप्पांनी माझ्याकडं पाहिलंच नाही, मंडपाकडं पाहिलं. सगळी माणसं माना वळवून त्यांच्याकडं बघत होती. त्यांना काय झालं ते ऐकायची गरज पडली नाही. त्यांनी तो माइक बंद केला, टोपी नीट केली आणि बुवांना हातानं खूण केली, चालू द्या. मी टेबलाखाली वायरी गुंडाळायला लागलो. जोडलेल्या वायरी, गुंडाळता येत नव्हत्या, तरी गुंडाळत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

कीर्तन संपलं. कमिटीच्या मामांनी यादी काढली. अन्नदान वाचलं, कीर्तनकार वाचले, मंडप वाचला. 'साउंड' म्हणाले आणि थांबले. माइकवर हात ठेवून शेजारच्या दोघांशी कुजबुजले. मी आप्पांकडं बघितलं. ते मामांच्या तोंडाकडं बघत होते, डोळ्याची पापणी न हलवता.

मामा स्टेजच्या कडेला आले आणि बायकांच्या बाजूला बघून त्यांनी विचारलं, "काय गं बायांनो, ऐकू आलं का न्हाई आज?"

माझी आई उठली. पोटचा पोरगा मशिनीवर होता हे तिनं क्षणभरही मनात आणलं नाही. "आदी काय सुदीक न्हाई आलं. बुवा नुसतं तोंड हालवत व्हतं. म्हातारा मशिनीवर आला तवापासनं समदं आलं."

"त्ये कानाचं बी आलं!" मागनं एक जण ओरडली, आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

मामाही हसले. त्यांनी माइक वर घेतला. "साउंड, तळेगावच्या आप्पांचा. मातुर मशिनीवर त्यांनी सोता बसावं. आपल्या गावच्या पोराला बसवू नये."

गावानं टाळ्या वाजवल्या. यादीत एवढ्या टाळ्या अन्नदानालाही मिळाल्या नव्हत्या.

परतताना टेम्पो मी चालवत होतो. आप्पा टेम्पो कायम मलाच चालवायला द्यायचे आणि माझ्या डाव्या बाजूला बसायचे, म्हणजे त्यांचा उजवा कान माझ्याकडं. हेही माझ्या तेव्हाच लक्षात आलं. पारगावच्या पुलावर मी म्हणालो, "आप्पा, चुकलं माझं."

"आं?"

"चुकलं माझं!"

"मोठ्यांदी बोल."

"आण मोडली मी! माफ करा!" मी बोंबलून सांगितलं. पुलावरचा एक सायकलवाला दचकून बाजूला झाला. माफीसुद्धा धड हळू मागता आली नाही मला.

आप्पांनी नदीकडं तोंड फिरवलं. मग म्हणाले, "उजवा बी निम्मा गेलाय. ते न्हाई बोललास, बरं झालं."

मी टेम्पो बाजूला घेतला. "मग तुम्ही लावता कसा आवाज?"

"बायांकडं बघून. शेवटल्या रांगंतली म्हातारी बघायची. तिनं पदर कानामागं सारला की आवाज कमी पडतोय. शेजारणीला काय म्हणला म्हणून इचारलं की शब्द कळंना. कपाळाला आठी घातली की टाळ टोचत्यात. आन् टेकून बसली की झालं, हात काढायचा. म्हातारी खोटं बोलत न्हाई, इंजिनेर. हेडफोन बोलतो. त्यो तुझ्यापुरतंच वाजवतो."

"मग एवढा मोठा हेडफोन कशाला घेतला?"

"लांबनं दिसाया. कानाला हेडफोन आसला की कोण हाका मारत न्हाई. मारली आन् मी वळलो न्हाई, तरी माणूस म्हणतो, कामात हाय." मग ते माझ्याकडं वळले. "तुला गल्लीपल्याड कशाला धाडला व्हता मंग? लीकेज बघाया?"

आणि ते हसले. मी रडत होतो आणि ते हसत होते. असा तो टेम्पो पारगावच्या पुलापाशी उभा होता.

पुढच्या वर्षी काल्याला आप्पा मशिनीवर बसले, डोक्यावर त्या आमटीच्या वाट्या. मला मनाई होती, म्हणून मी स्वतःच स्वतःला काम नेमून घेतलं. बायकांच्या बाजूला शेवटच्या खांबापाशी आईजवळ उभा राहिलो, खांद्यावर उपरणं. आवाज कमी पडला की उपरणं उडवायचं, जास्त झाला की खाली घ्यायचं. आपण नसलो तर आप्पांचं कसं होणार, या विचारानं मला रात्रभर झोप नव्हती. कीर्तन सुरू झालं. मी दोनदा उपरणं उडवलं. आप्पांनी माझ्याकडं ढुंकून पाहिलं नाही. ते माझ्या आईकडं बघत होते.

आईनं पदर कानामागं सारला. तिकडं आप्पांचं बोट हललं. आईच्या कपाळाला आठी आली, बोट पुन्हा हललं. मग तिनं पाठ खांबाला टेकली, पाय लांब केले आणि डोळे मिटले. आप्पांनी मशिनीवरून हात काढला. मग त्यांनी डोक्यावरचा हेडफोनही काढला आणि सगळ्या गावासमोर टेबलावर ठेवून दिला. परत घातला नाही.

यादीत त्यांचं नाव न थांबता वाचलं गेलं. मी चहा घेऊन गेलो आणि सवयीनं मागूनच हाक मारली, "आप्पा! ओ आप्पा!" ते वायर बघत होते. तेवढ्यात दिसलं की कमिटीचे मामा त्यांच्याशी बोलायला टेबलाला वळसा घालून पुढं गेले. वाढप्यांतला एक जण गेला, तोही वळसा घालून. वर्षभरात गावाला ते कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे मीच सांगितलं होतं, माइकवरून.

"आरं म्होरं जाऊन बोल की," माझ्यामागनं आलेली आई म्हणाली. माझ्या हातातला कप तिनं घेतला आणि टेबलाला वळसा घालून ती त्यांच्यासमोर उभी राहिली. आप्पांनी मान वर केली.

"ऐकू आलं का आक्का, समदं?"

"शेवटपतुर आलं," आई म्हणाली, आणि त्यांना दिसावं म्हणून तिनं चांगली दोनदा मान हलवली.